बुधवारची घंटा

आमच्या रोटरी क्लबची साप्ताहिक सभा बुधवारीच का, याचं कारण क्लबच्या घटनेत सापडायचं नाही. अलिबागेत वार ठरवायचा तर आधी मासळी बघावी लागते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; या चार दिवशी निम्म्या सभासदांच्या ताटात मासा चालत नाही. रविवारी माणूस घरच्यांच्या ताब्यात. शुक्रवारी हॉटेलवाल्याला हॉल द्यायला परवडत नाही, कारण संध्याकाळपासूनच मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं दारात गाड्या लावायला लागतात. उरला बुधवार. श्रावणात बुधवारचं जेवणही बटाट्याच्या भाजीवर येतं आणि हजेरी एकदम उतरते. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं इतिवृत्तात मात्र अजून कोणी लिहिलेलं नाही.

०

पॉल हॅरिस हा तरुण वकील १८९६ मध्ये शिकागोत आला. बालपण गेलं व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड नावाच्या लहानशा गावात, आजी-आजोबांकडे. शहरात वकिली जमली, पण सुटीच्या दिवशी कोणाकडे जावं असं घर नव्हतं. एकदा जेवण झाल्यावर तो दुसऱ्या एका वकिलाबरोबर फेरफटका मारायला निघाला, तर तो वकील वाटेतल्या दुकानदारांना नावानिशी हाका मारत, थांबत, बोलत चाललेला. हॅरिसला आपलं गाव आठवलं. ते डोक्यात बरीच वर्षं घोळत राहिलं आणि २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत चौघे बसले. एक वकील, एक खाणींचा इंजिनियर, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी. पुढच्या सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, म्हणून नाव रोटरी.

म्हणजे हा खटाटोप अनोळखी शहरात आपल्यापुरतं गाव वसवण्यासाठी होता. अलिबागेत तो चालवायचा म्हणजे गंमतच आहे. इथे ओळख कमी पडत नाही, जास्त होते. मी बाजारात उभा राहिलो की आधी माझे आजोबा ओळखले जातात, मग आळी, मग जात, मग भावकीतला जमिनीचा दावा कुठवर आला ते, आणि सगळ्यात शेवटी मी काय काम करतो ते. क्लबमध्ये कोटाच्या खिशावर बिल्ला असतो, त्यावर नाव आणि धंदा. बस्स. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा असा जुना दंडक होता, तो आता बराच सैल झालाय, पण त्याची सवय राहिली. चष्मेवाले नुसते चष्मेवाले म्हणून बसतात. बर्फाच्या कारखान्याचे मालक बर्फवाले म्हणून. दीड तासापुरते त्यांचे आजोबा हॉलच्या बाहेर थांबतात.

क्लबचा या किनाऱ्यावर काही खरा उपयोग असेल तर तो एवढाच, असं माझं मत होत चाललंय. सायकली, पाण्याच्या टाक्या, मोतीबिंदूची शिबिरं हे सगळं त्याच्यानंतर.

०

सभेचा क्रम ठरलेला. अध्यक्ष गळ्यात ती पदकांची साखळी घालतात, घंटेवर हातोडी मारतात, राष्ट्रगीत होतं. मग चार प्रश्नांची कसोटी मोठ्याने म्हणायची: बोलतो ते खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, वगैरे. हर्बर्ट टेलर नावाच्या माणसाने १९३२ मध्ये ती तयार केली, दिवाळखोरीला आलेली अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांची कंपनी सावरताना. आमचे वकीलसाहेब पहिल्या प्रश्नाला नेमके खोकतात. ते मुद्दाम खोकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दर बुधवारी हसू येतं. विनोद जुना झाला की त्याला घरचं माणूस म्हणून वागवतात.

०

दंड. हा प्रकार नव्या माणसाला समजावून सांगावा लागतो. बिल्ला विसरला, दंड. सभेत मोबाइल वाजला, दंड. वर्तमानपत्रात फोटो आला, दंड. मुलीचं लग्न ठरलं आणि क्लबला आधी सांगितलं नाही, जबर दंड. रोटरीत हे काम सार्जंटकडे असतं; लायन्समध्ये त्यासाठी ‘टेल ट्विस्टर’ नावाचा खास पदाधिकारी आहे, आणि झेंडे, घंटा, खुर्च्या सांभाळणारा ‘लायन टेमर’ वेगळा. डबा फिरतो, दहा-वीस रुपये पडतात, टाळ्या होतात.

एका सभेत पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त शिक्षक हे बघून गप्प झाले. नंतर जेवताना म्हणाले, ‘आमच्या गावात दंड म्हटला की पोटात गोळा यायचा.’ ते कुठल्या गावचे ते मी विचारलं नाही. रायगडच्या किनाऱ्यावर गावकी ही क्लबांच्या कितीतरी आधीची सभा. देवळात किंवा समाजमंदिरात बसायची, वर्गणी ठरवायची, पालखीचा मान ठरवायचा, भांडणं मिटवायची. आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकायची. त्याच्याकडे कोणी जायचं नाही, त्याला दुकानातून मीठ द्यायचं नाही, जो बोलेल त्याला दंड. वाळीत टाकल्याची प्रकरणं या जिल्ह्यातून इतकी बाहेर आली की राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदाच करावा लागला. २०१६ चा कायदा, जुलै २०१७ पासून लागू, देशातला अशा प्रकारचा पहिला.

साप्ताहिक जमण्याचं गुणगान गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माणसं नेमाने एकत्र बसली की त्यांच्यात माया उपजते हे खरं. तशीच बाहेरच्याला बाहेर ठेवण्याची ताकदही येते. क्लबचा दंड हसण्यावारी जातो, कारण क्लबमधून कधीही उठून जाता येतं. गावातून उठून जाणार कुठे?

०

हजेरी. नियमाप्रमाणे अर्ध्या वर्षात निदान निम्म्या सभांना हजर राहायला हवं आणि सलग चार चुकवल्या तर सभासदत्व जाऊ शकतं. आपली सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन बसायचं, ती हजेरी धरली जाते. आमच्यातले एक जण मुलीकडे अमेरिकेत गेले होते, तिथल्या क्लबात बसून त्यांचा छोटा झेंडा घेऊन आले. भाषण काय होतं विचारलं तर म्हणाले, ‘कळलं नाही, पण सूप गरम होतं.’

२०१६ पासून क्लबांना मोकळीक मिळाली आहे, महिन्यातून दोन सभा घेतल्या तरी चालतं. तरुण सभासदांना ती हवी होती. जुन्यांचं म्हणणं, पंधरा दिवसांनी भेटायला लागलो की मधे घडलेलं सांगावंच लागेल, आणि सांगावं लागलं म्हणजे ती पाहुण्यांची भेट झाली. मी मत दिलं नाही. पण आठवड्यालाच काहीतरी आहे खरं. सोमवारी झालेलं भांडण बुधवारपर्यंत ताजं असतं, दोघांना एकाच टेबलावर बसावं लागतं, आणि पुढच्या बुधवारपर्यंत ते शिळं होतं.

०

गणपूर्तीचा खरा अर्थ कळायचा तर अलिबागच्या इस्रायल आळीत जावं. तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं, १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. बेने इस्रायल लोकांचे पूर्वज इथून जवळच नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून उतरले अशी त्यांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. देवळाराउळांच्या या किनाऱ्यावर आठवड्याचा एक दिवस ठरवून सगळं काम थांबवणारी माणसं तीच. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावं घेऊन त्यांतली बहुतेक घरं मुंबईला आणि पुढे इस्रायलला गेली.

त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असले तर चालत नाही. आमच्या क्लबात आठ जण जमले तरी घंटा वाजते आणि ‘गणपूर्ती झाली असे गृहीत धरून’ कामकाज सुरू होतं. त्यांच्याकडे दहावा येईपर्यंत थांबतात. एक माणूस येण्या न येण्याने इतकं अडतं, अशी सभा माझ्या माहितीत दुसरी नाही.

०

आणि बैठक. रेवदंडा अलिबागहून फार लांब नाही. नानासाहेब धर्माधिकारी तिथलेच. १९४३ मध्ये त्यांनी मुंबईत गोरेगावला श्रीसमर्थ बैठक सुरू केली, दासबोधाचं निरूपण, आठवड्यातून एकदा, पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, मुलांची वेगळी. २००८ मध्ये ते गेले. तोवर गावोगाव बैठका पसरल्या होत्या आणि आजही चालू आहेत. ठरल्या वेळेला सगळे जमिनीवर ओळीत बसलेले. भाषण नाही, टाळ्या नाहीत, चहा नाही. नंतर धर्माधिकारींच्या प्रतिष्ठानचं काही काम निघालं, रस्ते झाडणं, झाडं लावणं, की बैठकीतले हेच श्रीसदस्य हातात खराटा घेऊन पहाटे हजर.

आमच्या क्लबने एका वर्षी समुद्रकिनारा स्वच्छ करायचं ठरवलं होतं. बॅनर होतं, टोप्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या, फोटोवाला होता, आणि माणसं बेताची. आमचे डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, ‘त्यांच्याकडे माणसं येतात कशी हो?’ चष्मेवाल्यांनी उत्तर दिलं, ‘त्यांच्यात अध्यक्ष व्हायची सोय नाही.’

०

पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात. रो-रो बोट आली २०२० मध्ये, तीही दर्या खवळला की थांबते. मग मुंबईहून येणारा वक्ता रस्त्याने निघतो, आणि वडखळच्या आसपास अडकतो. अध्यक्ष दर दहा मिनिटांनी बाहेर जाऊन फोन करतात. आत राष्ट्रगीत होऊन गेलेलं, भजी संपलेली.

अशाच एका बुधवारी बर्फवाल्यांना उभं केलं. ‘तुमच्या धंद्याबद्दल बोला, वीस मिनिटं.’ ते आधी लाजले. मग सुरू झाले. मिठाच्या पाण्याचा हौद, त्यात उभे सोडलेले पत्र्याचे डबे, अमोनियाचा कॉम्प्रेसर. मिठाचं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही म्हणून डब्यातलं गोडं पाणी गोठवता येतं. लादी कडेकडून आत धरत येते, आणि मधला गाभा सगळ्यात शेवटी. घाई केली तर लादी बाहेरून दिसायला ठीक, पण होडीवर दोन दिवसांत पाणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा कारखाना जवळजवळ झोपलेला, पण कामगार आणि वीज दोन्ही चालू ठेवावं लागतं. नारळी पौर्णिमेच्या आधी चार दिवस अशी झुंबड की माणूस घरी जेवायला जात नाही. आणि नाखवा रोख देत नाही, मासळी आल्यावर देतो. मासळी आली नाही तर पुढच्या फेरीला. म्हणजे समुद्रात काय आहे यावर बर्फवाल्याची उधारी.

त्यांच्या शेजारी मी कित्येक वर्षं बसत होतो. यातलं मला काही माहीत नव्हतं. मुंबईचे वक्ते पोचले तेव्हा हॉटेलवाला खुर्च्या आवरत होता. ते कुठल्याशा व्यवस्थापनशास्त्रावर बोलणार होते.

०

रोटेरियनच्या बायकोला ‘अ‍ॅन’ म्हणतात. १९१४ च्या ह्यूस्टनच्या अधिवेशनाला जाणाऱ्या आगगाडीत एका सभासदाची बायको होती, तिचं नाव अ‍ॅन, प्रवासात गाणी-थट्टा झाली आणि नाव चिकटलं. त्यामुळे आमच्या निमंत्रणपत्रिकेवर अमुक वहिनींच्या नावाआधी अ‍ॅन छापलेलं असतं. एका वहिनींच्या सासूबाईंनी ते वाचून विचारलं होतं, लग्नात ठेवलेलं नाव काय वाईट होतं?

बायकांना सभासद करून घ्यायला रोटरीने १९८९ पर्यंत वेळ लावला, तोही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर. त्याआधी त्यांच्यासाठी इनरव्हील, १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेलं. आमच्याकडे पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांच्या यजमानांना काय म्हणायचं यावर संचालक मंडळाची सभा लांबली. शेवटी त्यांनीच सांगितलं, ‘मला भावजी म्हणा आणि जेवायला वाढा.’

०

रोटरीचं पहिलं सार्वजनिक काम काय होतं? शिकागोच्या नगरभवनाजवळ सार्वजनिक शौचालय. १९०७ ची गोष्ट. विरोध केला बिअरवाल्यांनी आणि मोठ्या दुकानांनी, कारण तोवर शौचालय हवं असलेल्या माणसाला त्यांच्याकडेच शिरावं लागायचं आणि शिरला की काहीतरी विकत घ्यावं लागायचं. हे वाचल्यापासून रविवारी दुपारी अलिबागच्या किनाऱ्यावर मी हॉटेलांच्या दारातल्या ‘फक्त ग्राहकांसाठी’ या पाट्या वेगळ्या नजरेने वाचतो.

०

वाडी. दर वर्षी एक कातकरी वाडी दत्तक घेतली जाते. (घेणाऱ्याची चौकशी कोणी करत नाही.) रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. जुलै पदग्रहण समारंभात जातो. ऑगस्टमध्ये पाऊस. मग गणपती, त्यात अलिबाग-पेणचा माणूस कशालाच मोकळा नसतो. मग नवरात्र, दिवाळी. रोटरीचे प्रांतपाल भेटीला येणार म्हटलं की प्रकल्पांची आठवण होते, आणि जानेवारीत जीप वाडीवर चढते. तिथे दारांना कुलुपं. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं मुलाबाळांसकट वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. भट्टीमालकाकडून घेतलेली उचल आधीच खाऊन झालेली असते, ती फेडायला. परततात पावसाच्या तोंडावर. जानेवारीत वाडीवर भेटतात ती म्हातारी माणसं आणि ज्यांना नेणं शक्य नाही अशी आजारी. त्यांच्याच हातात वह्या, दप्तरं देऊन फोटो काढलेले मी पाहिले आहेत.

वाडीला गरज असते पावसाळ्यात. काम नसतं, साठवलेलं संपत आलेलं असतं, ताप-खोकला असतो, आणि मुलं त्याच दिवसांत शाळेत असतात. पण तेव्हा चिखल असतो आणि आमच्या गाड्या चढत नाहीत.

एक काम तेवढं वेळेवर होतं: वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढा अडवायचा. पाऊस सरल्यावर लगेच नाही केलं तर अडवायला पाणीच उरत नाही. पाण्याला आमच्या प्रांतपालांची तारीख माहीत नसते.

०

पोलिओबद्दल मात्र मान खाली घालायचं कारण नाही. रोटरीने १९८५ मध्ये हे काम जगभर अंगावर घेतलं, आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झालं. ठरलेल्या रविवारी एसटी स्थानकावर, धक्क्यावर टेबल टाकून बसायचं, पोराच्या तोंडात दोन थेंब, करंगळीवर शाई. थेंब पाजणारे सरकारी कर्मचारी आणि अंगणवाडीच्या ताई. आम्ही छत्री, चहा, लाउडस्पीकर. दर वर्षी तेच. मधल्या काळात सगळे कंटाळले होते, हे संपायचं नाही असं वाटायचं. देशात २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ ला हावड्यात एक. तो शेवटचा. २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं. कंटाळा येऊनही येत राहणं, हे साप्ताहिक सभेत मुरलेल्या माणसाला थोडं सोपं जात असावं.

०

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीमुळे आमच्या सभा तेव्हा झूमवर होत होत्या. खांबच आडवे झाल्यावर झूम कसलं. वीज कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. त्या दिवसांत सभेला जागा नव्हती, वार नव्हता. केमिस्टच्या दुकानाच्या पायरीवर जो येईल तो. कोणाकडे झाडं कापायचं यंत्र आहे, कोणाचा जनरेटर टाकीत पाणी चढवण्यापुरता फिरवता येईल, पत्रे कुठे शिल्लक आहेत. पत्र्यांचा भाव रोज चढत होता. पुणे आणि रायगड मिळून रोटरीचा एकच प्रांत आहे, ३१३१. एरवी त्याचा उपयोग पदांच्या राजकारणापलीकडे फारसा दिसत नाही. त्या जूनमध्ये तिकडच्या ओळखी कामाला आल्या, ताडपत्र्या आणि कौलं आली. कुठल्या तरी अधिवेशनात शेजारी बसून जेवलेला माणूस फोनवर ‘किती हवेत?’ एवढंच विचारतो, यादी आणि शिक्का मागत नाही.

छप्परं वर्षाच्या आत उभी राहिली. दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागांचं तसं नव्हतं. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. त्याला कुठलाही क्लब काही करू शकत नव्हता. आणि क्लबचं वर्ष तर बारा महिन्यांचं.

०

१ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक झालं. या किनाऱ्यावर खत, पोलाद, गॅस असे मोठे कारखाने आहेत. त्यांनी एकदा मनात आणलं तर शंभर शाळांना संगणक देतील. आमच्या वीस सायकली त्यापुढे केविलवाण्या दिसतात, असं एक तरुण सभासद म्हणाला. खजिनदार म्हणाले, ‘सायकल पंक्चर झाली की पोरगी कंपनीकडे जाते की तुझ्या दुकानात?’ त्याचं सायकलचंच दुकान आहे.

०

पोपटी. डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की एक बुधवार हॉलला सुटी आणि कोणाच्या तरी शेतावर. मातीचं मडकं, तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी पाल्यात गुंडाळून, बटाटे, कांदे, परत शेंगा, आणि तोंडाला पाला गच्च बसवायचा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती गवत, पेंढा, काटक्या पेटवायच्या. भांबुर्डी हे रानात बांधावर कुठेही उगवणारं तण, एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही; पोपटीला ते नसेल तर नुसत्या उकडलेल्या शेंगा.

पोपटीवर अध्यक्ष नसतो. घंटा नसते, बिल्ले नसतात, आणि इतर बुधवारी मागच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघणारा एक प्लंबर सभासद तिथे सगळ्यांना हुकूम सोडतो. जाळ इकडे कमी आहे, डॉक्टर, पेंढा टाका. शेठ, बाजूला व्हा, वारा अडतोय. मोठमोठी माणसं निमूट ऐकतात. झालं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं; थेंब चर्र करून उडाले की काढायचं. यावरही मतभेद होतात, आणि दर वर्षी एक गट म्हणतो अजून पाच मिनिटं हवी होती.

गेल्या खेपेला आमच्यात एक नवे गृहस्थ होते. मुंबईत बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, निवृत्त होऊन सासवण्याकडे बंगला बांधला. किहीम, आवास, सासवणे, झिराड या पट्ट्यात असे बंगले आता कितीतरी. उंच कुंपण, आत हिरवळ, एक माळी आणि एक कुत्रा. पॉल हॅरिसला कळला असता असा एकटेपणा या किनाऱ्यावर कुठे असेल तर तो त्या कुंपणांच्या आत. हे गृहस्थ सांगत होते की पहिलं वर्षभर त्यांचं बोलणं फक्त माळ्याशी आणि इलेक्ट्रिशियनशी व्हायचं, तेही तक्रारीपुरतं. क्लबात आल्यावर त्यांना कोणाचाच आजोबा माहीत नव्हता. ते ज्याच्या शेजारी जागा मिळेल तिथे बसत. वकीलसाहेब आणि बर्फवाले एका जमिनीच्या प्रकरणापासून एकमेकांशी मोजकंच बोलतात, हे त्यांना ठाऊक नसल्यामुळे ते दोघांच्या मधे बसले आणि पोपटीच्या शेंगा इकडून तिकडे देत राहिले. शेंगांबरोबर थोडं बोलणंही इकडून तिकडे गेलं.

०

कोण नाही, तेही लिहून ठेवतो. बाजारात मासे विकणारी एकही बाई आमच्यात नाही, नाखवा नाही, वाडीवरचा कोणी नाही. वर्षाची वर्गणी आणि बुधवारच्या जेवणाचा खर्च धरला तर येणारही नाही. घटनेत कुठेही मनाई नाही. नुसत्या रकमेवर काम भागतं. आणि त्यांना आमची गरज आहे असंही नाही. कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटीच्या सभा होतात, बायकांची भिशी आहे, बचत गट आहेत, त्यांत नियम आमच्यापेक्षा कडक. भिशीचा हप्ता चुकवणारीला कोणी टाळ्या वाजवून दंड करत नाही. नाना चुडासमांनी १९७२ मध्ये मुंबईत जायंट्स सुरू केलं ते परदेशी मुख्यालय आणि डॉलरमधली वर्गणी टाळून, आपल्या मातीतला सेवा क्लब हवा म्हणून. मुख्यालय इथे आलं. मासेवाली तिथेही मोठ्या संख्येने असेल असं मला वाटत नाही.

०

पुढच्या वर्षाची निवडणूक ३१ डिसेंबरच्या आत घ्यावी लागते. निवडणूक हा शब्द शोभेपुरता. अध्यक्ष व्हायला दोघे-तिघे असतात, ‘मला नको’ म्हणत कोट इस्त्रीला देतात. चिटणीस व्हायला कोणी नसतं, कारण सगळं काम त्यालाच असतं: पत्रं, इतिवृत्त, प्रांताचे अहवाल, वक्त्यांचे फोन, हॉटेलवाल्याशी हुज्जत. नोव्हेंबरपासून लोक चिटणिसाच्या शेजारी बसायचं टाळतात. माजी अध्यक्षांच्या समितीने सगळ्यांना चाचपून पाहिलं. एकाचं बायपास झालंय, एकाच्या मुलाची बारावी आहे, एकाची सून बाळंतपणाला माहेरी न जाता इथेच राहणार आहे. चष्मेवाले त्या बुधवारी रोह्याला पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते. एकमताने ठराव झाला.

त्यांना फोन मी केला. पलीकडे बराच गलका होता, सनई की काहीतरी. म्हणाले, ‘अहो, मला विचारायचं तरी.’ मग म्हणाले, ‘बरं, घंटेची हातोडी सैल झाली आहे, तेवढी या आठवड्यात कोणाला तरी ठोकून आणायला सांगा.’